चार पोस्टकार्डांवर उभी मोटार

बैलगाडीच्या चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी चढवतो, तिला आपल्याकडे ‘धाव’ म्हणतात. गोवऱ्यांच्या जाळात लालभडक तापवलेली धाव लाकडी चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचे. थंड होता होता ती आकसते आणि चाकाचे सारे सांधे आवळून धरते. अशी धाव वर्षानुवर्षे टिकते. मात्र रस्ता धरून ठेवण्याचे काम तिला कुणी सांगितलेलेच नव्हते. ते काम बैलांच्या खुरांकडे होते. ओढायचे खुरांनी, थोपवायचे खुरांनी, वळायचे तेही खुरांनीच. चाकाने फक्त ओझे वाहायचे.

मोटार आली आणि बैल गेले. खुरांची सारी कामे चाकाच्या गळ्यात पडली. ओझे तर वाहायचेच. शिवाय गाडी पुढे ढकलायची, वळणावर आवरायची आणि ब्रेक दाबला की थोपवायची. हे लोखंडाला जमण्यासारखे नव्हते. म्हणून रबर आले. बेलफास्टमध्ये जनावरांची डॉक्टरकी करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या स्कॉटिश गृहस्थाने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी रबरात हवा भरली आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. पुढची हकीकत आपल्या दारात उभीच आहे. पण लोखंड गेले तेव्हा त्याचा एक गुणही त्याच्याबरोबर गेला, तो म्हणजे न झिजण्याचा. रस्ता धरून ठेवणारी वस्तू झिजणारच. आपण मोटारवाले नेमकी हीच गोष्ट विसरतो आणि टायर विकत घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो, ‘किती टिकेल?’

या प्रश्नाचा मला नाद लागला त्याला कारण माझी स्पोर्ट्स मोटार. मी अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. पोटापाण्याचा उद्योग कारखान्यातल्या यंत्रांशी आहे, आणि हौसेसाठी माझ्याकडे एक जुनी मियाटा आहे. माझदा या जपानी कंपनीने १९८९ साली ही गाडी बाजारात आणली आणि २०१६ साली तिचा दहा लाखावा नमुना कारखान्याबाहेर पडला. दोन माणसांची बैठक, वरचे छप्पर दुमडणारे, आणि मागे तिसऱ्याला जागा मुळीच नाही. ‘नवराबायकोचे भांडण झाले तर मिटवायला तिसरा माणूस बसवायचीसुद्धा सोय नाही,’ असे या गाडीचे वर्णन आमच्या घरातून होत असते.

उन्हाळ्यात रविवारी आमचा क्लब एखादे मोकळे वाहनतळ भाड्याने घेतो. त्यावर नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट आखायची आणि एकेका गाडीने घड्याळ लावून ती पुरी करायची, असा हा खेळ. सारा मिनिटभराचा मामला. वेग फार नसतो, पण वळणे अशी की इंजिनाच्या ताकदीपेक्षा टायरची पकडच माणसाला वर नेते किंवा खाली आणते. या खेळातले लोक टायरकडे ज्या बारकाईने पाहतात, तशी आपली माणसे फक्त वधूवरांच्या पत्रिका पाहतात!

एका चाकाला एक पोस्टकार्ड

टायर केवढाही मोठा दिसो, रस्त्याला त्याचा किती भाग टेकतो? हिशेब सोपा आहे. माझ्या गाडीचे वजन चालकासकट १००० किलो धरू. चार चाकांवर सारखे वाटले तर दर चाकाला २५० किलो आले. टायरमधल्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो, म्हणजे पेट्रोलपंपावरच्या भाषेत सुमारे २८ पौंड. आता २५० ला २ ने भागा. उत्तर आले १२५ चौरस सेंटिमीटर. टायरच्या कडक बाजूंमुळे यात थोडा फरक पडतो, पण अंदाजाला हे पुरे. आपले टपालखात्याचे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. गुणाकार करा: १२६!

म्हणजे दर चाकाखाली एक पोस्टकार्ड. मोटार, तिच्यात बसलेली माणसे, डिकीतल्या बॅगा आणि मावशींनी दिलेला फराळाचा डबा हे सारे घाटाच्या वळणावर चार पोस्टकार्डांच्या भरवशावर असते.

पोस्टकार्डाचा दुसरा गुणही येथे लागू पडतो. त्यावर जागा ठरलेली. अर्धे कार्ड ब्रेकच्या मजकुराने भरून टाकले तर वळणाच्या मजकुराला जागा कमी उरते. भर वळणात घाबरून जोराने ब्रेक दाबला की गाडी सरळ खड्ड्याकडे निघते, त्याचे कारण हेच. कार्ड आधीच वळणाने भरलेले असते. शर्यतीचे चालक सरळ रस्त्यावर ब्रेक लावून घेतात आणि वळण सुरू होताना तो हळूहळू सोडत जातात. घरगुती गाडीवाल्यानेही घाटात हाच पाठ गिरवावा.

कंपासपेटीतले खोडरबर

या पोस्टकार्डावर पकड येते कुठून? डांबरी रस्ता गुळगुळीत दिसला तरी त्यात खडीचे लहानमोठे दाणे असतात. मऊ रबर वजनाखाली त्या दाण्यांना बिलगते, त्यांच्या मधल्या फटींत शिरते आणि बाहेर येताना थोडे हटवादीपणा करते. ही पकडीची एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा म्हणजे रबराचे रेणू रस्त्याला क्षणभर चिकटतात, ताणले जातात आणि सुटतात. दोन्ही तऱ्हांना रबर मऊ आणि लवचीक असावे लागते, आणि दोन्हींत ते थोडेथोडे फाटते.

मुलांच्या कंपासपेटीतले खोडरबर पाहा. नवे मऊ खोडरबर शिसपेन्सिलीची रेघ झटक्यात पुसते आणि कागदावर काळा भुगा पडतो. दोन वर्षे पेटीत पडून राहिलेले खोडरबर मात्र कडक आणि चकचकीत होते. त्याचा भुगा पडत नाही, ते झिजतही नाही. फक्त रेघ पुसली जात नाही, कागद तेवढा काळा होतो. टायरची सारी विद्या या दोन खोडरबरांत आहे.

शिवाय टायर कधीच नुसता गडगडत जात नाही, तो नेहमी थोडासा घसरत असतो. वळणावर पुढची चाके ज्या दिशेला तोंड करतात, त्या दिशेला गाडी नेमकी जात नाही. त्यांत काही अंशांचा फरक राहतो. त्या फरकामुळेच रबर ताणले जाते आणि त्या ताणातून वळण्याचे बळ मिळते. हा फरक शून्यावर आणला तर झीज थांबेल खरी, पण गाडीही वळायची थांबेल.

साध्या वापरात ही झीज किती होते त्याचाही हिशेब करून पाहू. माझ्या गाडीचा टायर एका फेऱ्यात सुमारे १.८ मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला साडेपाचशे फेरे. एखादा घरगुती टायर ५०,००० किलोमीटर चालला तर त्याचे पावणेतीन कोटी फेरे झाले. तेवढ्यात नक्षी झिजते साडेसहा मिलिमीटरच्या आत. भागाकार केला तर एका फेऱ्याला मिलिमीटरच्या सुमारे बेचाळीस लाखाव्या हिश्शाएवढे रबर जाते. हे माप अणूच्या आकाराशी तुलना करावी इतके लहान आहे! इतक्या अल्प मोबदल्यात टायर आपल्याला सांभाळून नेतो. मऊ टायर आणि तापट चालक एकत्र आले की मात्र हा मोबदला भराभर वाढतो. आमच्या रविवारच्या खेळानंतर टायरच्या कडांवर रबराच्या शेवया वळलेल्या स्पष्ट दिसतात.

नक्षी कशासाठी?

आपला सर्वसाधारण समज असा की टायरची पकड त्याच्या नक्षीत असते. खोल खाचा म्हणजे जबर पकड, आणि गोटा झालेला टायर म्हणजे निसरडा. चिखलात आणि ओल्या रस्त्यावर हे खरे आहे. कोरड्या डांबरावर मात्र प्रकार नेमका उलटा आहे. खाच म्हणजे जिथे रबर नाही अशी जागा. पोस्टकार्डातून तेवढा कागद कापलाच म्हणायचा.

याचा पुरावा शर्यतींच्या जगात मिळतो. फॉर्म्युला वन गाड्यांचा वेग फार वाढला म्हणून १९९८ साली नियम करण्यात आला की टायरांवर सरळ खाचा पाडल्याच पाहिजेत. खाचा पाडायच्या त्या पकड कमी व्हावी म्हणून! तो नियम २००८ पर्यंत चालला. २००९ साली गुळगुळीत टायर परत आले आणि चालकांना हरवलेली पकड परत मिळाली.

आमच्याकडच्या हौशी शर्यतवाल्यांची रीत तर याहून विचित्र. ते कोरे करकरीत टायर विकत घेतात आणि वर पुन्हा पैसे मोजून यंत्रावर तासून आणतात. आठ मिलिमीटरची नक्षी तीनचार मिलिमीटरवर आणायची! ‘नवी साडी आणून पहिल्याच दिवशी तिचा पदर कापायचा, असलाच हा प्रकार,’ असे आमच्या घरात म्हटले गेले. पण त्यात शहाणपण आहे. उंच नक्षीचे ठोकळे वळणावर डुलतात, डुलून तापतात आणि त्यांचे तुकडे उडतात. बुटके ठोकळे ताठ उभे राहतात. आयुष्यातला काही भाग आधीच फेकून देऊन ते उरलेल्या आयुष्यात उत्तम पकड विकत घेतात.

मग नक्षी हवी कशाला? तिचे एकच मोठे काम, पाणी. ओल्या रस्त्यावर रबराला डांबर भेटण्याआधी मधले पाणी बाजूला व्हावे लागते, आणि ते खाचांतून निघून जाते. खाचा उथळ झाल्या किंवा वेग फार झाला की पाण्याला जायला वाट आणि वेळ दोन्ही मिळत नाही. मग टायर पाण्यावर चढतो आणि गाडी होडी होते. सुकाणू फिरवले तरी काही होत नाही, ब्रेकही निरुपयोगी.

हे किती वेगाला घडते? नासा या अमेरिकन संस्थेतले वॉल्टर हॉर्न आणि त्यांचे सहकारी यांनी विमानांच्या टायरांचा अभ्यास करून १९६३ साली एक सोपे सूत्र मांडले. हवेचा दाब पौंडांत घ्या, त्याचे वर्गमूळ काढा आणि त्याला १६.७ ने गुणा. ताशी किलोमीटरमध्ये उत्तर मिळेल. दाब ३० पौंड असेल तर उत्तर येते सुमारे ९१. हवा कमी होऊन २५ पौंडांवर आली तर ८३. पाणी खाचांत मावणार नाही इतके साचलेले असेल तेव्हाची ही मर्यादा आहे, आणि झिजलेल्या टायराला ती फार लवकर लागू पडते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ऐंशी-नव्वदच्या वेगाला कुणी वेग म्हणत नाही, एवढे लक्षात घेतले म्हणजे या दोन आकड्यांचे गांभीर्य कळेल. शर्यतीचा चालक पाऊस आला की गुळगुळीत टायर काढून नक्षीचे चढवतो. आपण आषाढापासून आश्विनापर्यंत एकाच टायरांवर जातो. म्हणून आपल्याला नक्षी हवी, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तर हवीच हवी.

टिकाऊपणाचा आकडा

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायराच्या बाजूवर झिजेचा एक आकडा छापलेला असतो. टेक्सास राज्यात सॅन अँजेलो गावाभोवती सुमारे ६४० किलोमीटरचा एक ठरलेला फेरा आहे. त्या रस्त्यावर गाड्यांचा तांडा एकूण ७२०० मैल, म्हणजे सुमारे ११,६०० किलोमीटर चालवतात आणि परीक्षेच्या टायराची झीज एका ठरावीक टायराशी ताडून पाहतात. त्या मूळ मापाला १०० धरले तर दुप्पट टिकणाऱ्याला २०० आणि चौपट टिकणाऱ्याला ४००. घरगुती मोटारींच्या टायरांवर ४०० ते ७०० असे आकडे सहज दिसतात. स्पोर्ट्स मोटारींच्या चिकट टायरांवर २००-३००, आणि जवळजवळ शर्यतीच्याच अशा टायरांवर १०० किंवा त्याहूनही कमी. अंतिम आकडा कारखानदार स्वतःच ठरवतो, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फार खोलात जाऊ नये. पण एकाच कंपनीच्या दोन टायरांत कुणाचा पिंड टिकण्याचा आणि कुणाचा धरण्याचा, हे त्यावरून कळते.

मी २०० आकड्याचे टायर वापरतो. ते दोन उन्हाळ्यांत संपतात. ‘तुमच्या टायरांपेक्षा माझ्या चपला जास्त चालतात,’ हा शेरा मला दर खरेदीला ऐकावा लागतो आणि तो हिशेबाने बरोबरही आहे. माझे म्हणणे एवढेच की चपलेला शंभर किलोमीटरच्या वेगावरून थांबावे लागत नाही.

या सौद्याचे सर्वांत टोकाचे उदाहरण आपल्या देशातच घडले. २७ ऑक्टोबर २०१३ रोजी, म्हणजे दिवाळीच्या आठवडाभर आधी, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनची इंडियन ग्रां प्री झाली. सेबास्टियन व्हेटेल पहिल्या क्रमांकाच्या जागेवरून निघाला तो मऊ टायरांवर. ते टायर वेगवान खरे, पण त्या रस्त्यावर भराभर विरघळणारे. साठ फेऱ्यांच्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीच्या अखेरीला तो आत आला, मऊ टायर काढून टाकले, टिकाऊ चढवले आणि शर्यत जिंकून चौथ्यांदा जगज्जेता झाला. मऊ टायरांनी त्याला पुढची जागा मिळवून दिली होती. त्यांचे काम तेवढेच होते.

आणि हे झिजलेले रबर जाते कुठे? भुगा रस्त्यावर पडतो, पावसाबरोबर ओढ्यात जातो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात शहरांजवळच्या ओढ्यांत कोहो जातीचे सामन मासे पावसानंतर अंडी घालण्यापूर्वीच मरत. २०२० च्या अखेरीस संशोधकांनी त्याचे कारण दाखवून दिले. टायर लवकर तडकू नये म्हणून त्यात एक रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी मिळून त्याचे जे रूप होते, ते या माशांचा जीव घेते. युरोपीय संघाने २०२४ साली मंजूर केलेल्या नव्या नियमांत धुराबरोबर टायरच्या झिजेवरही मर्यादा घालण्याची तरतूद आहे. तेव्हा पकडीचा मोबदला केवळ आपल्या खिशातूनच जातो असे नाही.

न झिजलेल्या टायराची फसवणूक

झिजलेला टायर धोक्याचा, हे सर्वांना ठाऊक असते. न झिजलेला टायरही धोक्याचा असू शकतो, हे फार थोड्यांना. आणि या लेखात मला मुख्य सांगायचे आहे ते हेच.

रबर हा जिवंत पदार्थ नव्हे, पण म्हातारपण त्याला चुकलेले नाही. हवेतला प्राणवायू, ओझोन, ऊन आणि उष्णता यांनी त्याची लवचीकता हळूहळू जाते. टायर फिरता राहिला तर रबरात घातलेली मेणासारखी संरक्षक द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर तेही होत नाही. शिवाय पुन्हा पुन्हा खूप तापून थंड झालेले रबर कडक होत जाते. आमच्या क्लबात कित्येक टायर नक्षी शिल्लक असतानाच बाद होतात. पाहणाऱ्याला ते चांगले वाटतात, घड्याळाला वाटत नाहीत.

थंडीने हाच प्रकार तात्पुरता होतो. उन्हाळी टायरांचे रबर सात अंश सेल्सियसच्या खाली ताठरू लागते आणि गोठणबिंदूच्या आसपास तर त्याला तडे जाण्याची भीती असते. म्हणून मिशिगनमध्ये दिवाळीचा फराळ आणि टायर बदलण्याचे काम बहुधा एकाच पंधरवड्यात येते. थंडीचा कडकपणा वसंतात निघून जातो. वयाचा कडकपणा जात नाही.

स्पोर्ट्स मोटारींच्या बाबतीत हा धोका अधिक, कारण त्या पुष्कळदा कमी चालतात आणि जास्त पुसल्या जातात. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात, लॉस एंजलिसच्या उत्तरेला सँटा क्लॅरिटा येथे एक लाल पोर्शे कॅरेरा जीटी खांबाला आणि झाडांना धडकून पेटली. ‘फास्ट अँड फ्युरियस’ चित्रपटांतला नट पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र, दोघेही गेले. गाडी २००५ सालची, सहाशे अश्वशक्तीच्या वरची, आणि घसरू लागली तर सावरणारी विद्युत्‌यंत्रणा तिच्यात नव्हती. २०१४ च्या मार्चमध्ये तपासाचे निष्कर्ष जाहीर झाले. ताशी ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर वेग ८० ते ९३ मैलांच्या दरम्यान होता. म्हणजे ७२ च्या जागी १३० ते १५० किलोमीटर. अपघाताचे कारण वेग, हे तपास अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले. पण त्यांनी आणखी एका गोष्टीची नोंद केली. गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्या वयामुळे गाडीच्या हाताळणीवर परिणाम झाला असण्याची शक्यता होती.

ही हकीकत नटाची आणि पैसेवाल्यांच्या मोटारीची, आपला तिच्याशी काय संबंध, असे कुणी म्हणेल. आपल्या सोसायटीच्या आवारात खाली एक चक्कर मारून या. कापडाखाली झाकलेली आजोबांची गाडी तिथे हमखास सापडेल. सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेली, देवळापर्यंत आणि डॉक्टरकडे तेवढी जाणारी, घड्याळावर जेमतेम पंधरा हजार किलोमीटर. ‘गाडी अगदी नव्यासारखी आहे, टायरची नक्षीसुद्धा गेलेली नाही,’ असे आजोबा कौतुकाने सांगतात. आणि मग एखाद्या दिवाळीत नातवंडे येतात, घरातली मोठी गाडी अपुरी पडते आणि ही ‘नव्यासारखी’ गाडी सगळ्यांना घेऊन महाबळेश्वरला निघते. कंपासपेटीतले ते चकचकीत खोडरबर येथे आठवावे.

टायर वाचावा कसा?

टायर वाचायला शिकणे अवघड नाही. पहिले वाचायचे ते त्याचे वय. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या इंग्रजी अक्षरांपुढे बरीच अक्षरे-आकडे असतात. त्यांतले शेवटचे चार आकडे पाहा. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर बनला. एका बाजूवर हे आकडे दिसले नाहीत तर आतल्या बाजूवर असतात. कित्येक मोटार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलावेत असे म्हणतात. टायर कंपन्या दहा वर्षे ही अखेरची मर्यादा सांगतात. सहा वर्षांनंतर दरसाल जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे आणि बाजूवर बारीक भेगा दिसल्या तर वाद घालू नये. नवा टायर घेतानाही हे चार आकडे दुकानातच वाचावेत.

दुसरी वाचायची ती खोली. खाचांच्या तळाशी जागोजाग लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली. कायद्याने टायरचे आयुष्य तिथे संपते. अमेरिकेत लोक एका सेंटचे नाणे उलटे धरून खाचेत घालतात आणि लिंकनसाहेबांच्या डोक्याचा माथा दिसला की टायर बदलतात. पण कायद्याची मर्यादा ही शहाणपणाची मर्यादा नव्हे. तीन मिलिमीटर उरले आणि पावसाळा तोंडावर असला तर मी वाट पाहणार नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे झिजेची जागा. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त भरली जाते. दोन्ही कडा झिजल्या तर कमी. नक्षीवरून हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले तर चाकांची दिशा जुळलेली नाही. जागोजाग खळगे पडले असतील तर शॉक अब्सॉर्बर थकलेले. एकच कड झिजली तर चाक कलले आहे. स्पोर्ट्स मोटारीत वळणावर जास्त रबर टेकावे म्हणून चाके वरच्या बाजूने मुद्दाम आत कललेली ठेवतात, त्यामुळे आतली कड आधी जाते. बाहेर उभे राहून पाहणाऱ्याला टायर ठणठणीत दिसतो आणि आत तारा उघड्या पडायला आलेल्या असतात. म्हणून चाक पुरते वळवून, वाकून, आतली बाजू पाहायची.

चौथे काम हवेचे. महिन्यातून एकदा, गाडी फार चाललेली नसताना, टायर थंड असताना दाब मोजावा. दाराच्या चौकटीवर कंपनीने योग्य आकडा लिहिलेला असतो. स्टेपनीलाही विसरू नये. तिचेही वय होत असते. आणि दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागच्या चाकांना बसवावेत. पुढची चाके घसरली तर सुकाणूवर आणि वेगावर थोडा तरी उपाय असतो. मागची घसरली की गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि साध्या चालकाच्या हाती काही उरत नाही.

या सगळ्याला फार तर अर्धा तास लागतो. आपल्याकडे मोटारीचे कौतुक काही कमी नाही. दसऱ्याला आपण तिला झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. यंदाचा दसरा तर होऊन गेला. पण पाडव्याला नवी गाडी दारात येईल किंवा भाऊबीजेला जुनी गाडी बहिणीच्या गावाला निघेल, तेव्हा तेवढेच पुन्हा एकदा वाकावे आणि चाकावरचे शेवटचे चार आकडे वाचून घ्यावेत. आणि सोसायटीतल्या आजोबांनाही त्यांच्या गाडीचे वाचून दाखवावेत. त्यांना ते बारीक अक्षर दिसत नाही.